माग पुढे, मी मागून

माग पुढे गेले, जहाजातून, आडवे निजून,
भंगाराच्या भावाने, अठ्ठावीस माग.
मी मागून निघालो, चार विमानं बदलत.

दलालाने सगळ्यात स्वस्तातलं तिकीट काढलेलं.
सोलापूर ते मुंबई रेल्वेने, मग दोहा,
अदिस अबाबा, दार-ए-सलाम, म्वांझा.
अशोक चौकातला झेरॉक्सवाला कागद वाचून म्हणाला,
मल्लेशमामा, हे तिकीट आहे की वऱ्हाडाची यादी?

मुंबईच्या तपासणीत शेंगाचटणी सुटली,
पाना अडकला. बारा नंबरचा, दांडा झिजून
माझ्या मुठीच्या आकाराचा झालेला.
पोरगा म्हणाला, हत्यार नेता येत नाही काका.
मी म्हणालो, हत्यारच आहे. कारागिराचं.
त्याने तो टोपलीत टाकला,
नखं कापायच्या कात्र्यांशेजारी.

विमानात शेजारची बाई कानात बोळे घालत होती.
मला घरघर सुरू झाली तसा डोळा लागला.
चाळीस वर्षं मागाच्या उशाशी झोपलेला माणूस.
आमच्या पूर्व भागात आवाजाने कुणी उठायचं नाही,
वीज गेली की उठायचं.
मध्यरात्री माग थांबले की पाळण्यातली पोरं रडायची,
आणि गल्लीतलं कुत्रं
स्वतःचंच भुंकणं ऐकून दचकायचं.

तेव्हा विमानाचं काही नाही.
विमानतळांनी मारलं.

दोह्यात नऊ तास.
गालिचा एवढा जाड की आपलं पाऊल आपल्याला ऐकू येईना.
कुणी बघत नाही पाहून कड उलटी केली.
विणकाम बरं होतं.
पाण्याची बाटली घेतली, रुपयांत हिशेब केला,
मग घोट मोजून प्यालो.
पाय सुजले. बुटांत जाईनात,
टाचा मोडून त्यांच्या सपाता केल्या.
राजमणीचा फोन आला. आमच्या भाषेत एवढंच: तिन्नावा?
जेवलो, म्हणालो.
कडक भाकरीचा तुकडा तोंडात भिजत होता,
त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

अदिसला पहाट होती की संध्याकाळ, नक्की नाही.
विमानाला उशीर. किती, ते फळा सांगेना.
समोर एका बाईने पोराला चादरीत गुंडाळलं होतं,
लाल-काळी, कडेला मोरासारखं काहीतरी.
मी उठलो, सुजल्या पायांनी जवळ गेलो, नीट पाहिलं.
आपली नव्हती.
बाईने पोर छातीशी घट्ट धरलं.
मी पाणी प्यायला आल्यासारखं केलं.

धोटा मारला की डोळा लवायच्या आत परत येतो.
असं जाणं मला कळतं.
हे नुसतंच पुढे, पुढे,
आणि प्रत्येक गावचं घड्याळ वेगळं बोलणार.
शेवटी मनगटावरचं सोलापूरवरच राहू दिलं.
आज पाण्याचा दिवस. चार दिवसांनी नळ येतो.
आता राजमणी एकटी हंडे भरत असेल,
माझ्या वाटणीचेही.

दारला बसल्या बसल्या काय झालं, आठवत नाही.

म्वांझाच्या शेडमध्ये माझे माग,
अजून दोरखंडात, समुद्राचं मीठ खाऊन गंजलेले.
सात नंबरच्या बाजूला माझ्याच हातचा पिवळा रंग:
तेल सोमवारी.
इतका लांबचा प्रवास, कुणी खोडलं नव्हतं.
जुमा नावाचं पोरगं पाना घेऊन आलं.
त्या दिवशी सोमवार होता की नाही विचारलं नाही.
तेल दिलं.

दोन वर्षांनी परत आलो.
मागांच्या जागी आता मोटारसायकली उभ्या असतात.
रात्री वीज गेली तरी गल्लीत कुणी कूस बदलत नाही.
मी जागाच असतो.
लोक विचारतात, आफ्रिका कशी आहे हो?
मी म्हणतो,
झोप चांगली लागते तिथे.